जाळरेषा

डाव्या बुटाच्या टोकाचं रबर उजव्यापेक्षा नखभर जास्त झिजलं होतं. टाचा दोन्हींच्या सारख्या, तळवेही सारखे. फरक होता तो फक्त टोकाला, अंगठ्याच्या पुढे, जिथे खो-खो खेळणाऱ्याचा बूट सहसा झिजत नाही. अश्विनीबाईंनी नळाखाली बूट घासता घासता तो उलटा केला, टोकावरून बोट फिरवलं आणि थोरल्या मुलीला हाक मारली.

"शरू, पाय घासत चालतीस का गं?"

"खो-खोच्या गादीवर कोण चालतं, आई? पळते मी," शर्वरी आतूनच म्हणाली.

दिवाळीच्या आधीची ही गोष्ट. पुढे शर्वरी जेव्हा जेव्हा सुरुवात शोधायला मागे जायची, तेव्हा तिला तो नळ आणि तो उलटा बूटच आठवायचा. त्या दिवशी मात्र तिने बूट वाळत घातले आणि विसरून गेली.

शर्वरी सुरवसे तेव्हा बावीस वर्षांची होती. धाराशिवच्या नवजागृती क्रीडा मंडळाची कर्णधार, आणि राज्याच्या संघात संरक्षणाला सगळ्यात आधी उतरणारी. तिची साखळी बघायला शेजारच्या तालुक्यातून माणसं यायची. बसलेल्या मुलींच्या मधून ती अशी वळणं घेत जायची की पाठलाग करणारीला वाटावं, आता हाताला लागली, आणि हात हवेत राहावा. त्या हिवाळ्यात तिच्या खेळात एक नवीच गोष्ट आली. डावीकडे वळताना तिचा डावा गुडघा गरजेपेक्षा वर उठायचा आणि पाऊल सपाट, थप्प आवाज करत खाली यायचं. त्यात अर्धा क्षण जायचा. पाठलाग करणारी त्या अर्ध्या क्षणाला फसायची, चुकीच्या दिशेला निघायची, आणि एकदा दिशा धरली की तिला मागे फिरता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत समालोचकाने त्याला "सुरवसे वळण" असं नाव देऊन टाकलं.

"हे कुठून काढलंस?" लोमटे सरांनी विचारलं होतं. गेली तीस वर्षं मंडळ त्यांच्या शिट्टीवर चालत होतं.

"काढलं नाही सर. आपोआप होतंय."

"मग बदलू नको. अंगात आलंय ते."

मंडळाच्या सभागृहात गादीखाली तेव्हा नुकताच चालपट बसवला होता. चालपट म्हणजे दाब ओळखणाऱ्या तंतूंचं विणकाम. पाय टेकला की कुठला भाग आधी टेकला, किती जोराने, किती वेळ, हे तो टिपतो आणि हजारो माणसांच्या पावलांशी ताडून बघतो. घोट्याची दुखापत, मणक्याचा दाब, चेतासंस्थेचे आजार माणसाला जाणवायच्या आधी त्याला कळतात. खेळाडूंसाठी सरकारने तो जिल्ह्याजिल्ह्यात दिला होता. माघ महिन्यात एका सकाळी सरांच्या पडद्यावर शर्वरीच्या नावापुढे लाल खूण आली. सरांना वाटलं, यंत्र बिघडलं असेल.

*

पुण्यात डॉ. नफीसा मुजावर यांनी तिला फार काही विचारलं नाही. "टाचांवर चालून दाखव," त्या म्हणाल्या. "फक्त टाचा. बोटं वर."

उजवा पाय टाचेवर उभा राहिला. डाव्या पायाची बोटं जमिनीवरून उठलीच नाहीत. शर्वरीने खाली पाहिलं. आपलाच पाय आपलं ऐकत नाही, हे तिने पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

"परत करू का?" तिने विचारलं. चुकलेली उडी पुन्हा मारायची परवानगी मागावी, तसं.

"नको," डॉक्टर म्हणाल्या. "बस."

सुयांच्या चाचण्या झाल्या, रक्त झालं, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मायलेकींना समोर बसवून सगळं सांगितलं. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणाऱ्या पेशी मेरुरज्जूत असतात. त्यांना प्रेरक चेतापेशी म्हणतात. शर्वरीच्या त्या पेशी मरू लागल्या होत्या. स्नायू शाबूत असतो, पण त्याला काही सांगणारं कुणी उरत नाही, म्हणून तो वाळत जातो. विचार, नजर, स्पर्श, सगळं जागच्या जागी राहतं. आजार शेजारून शेजारी सरकतो. आधी पाय, मग छाती, मग हात आणि शेवटी श्वासपटल, ज्याच्यामुळे श्वास चालतो.

"म्हणजे किती दिवस?" आईने विचारलं.

"दीड वर्ष. फार तर दोन."

खोलीत पंखा नव्हता, तरी आई वर पाहत राहिली.

"एक उपाय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बरं करणारा नाही. थांबवणारा आहे."

त्या उपायाचं नाव शमन. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट लक्षात आली होती. या पेशी मरण्याआधी सारख्या बडबडत असतात. न थांबता संदेश सोडतात, त्या श्रमाने खचतात आणि शेजारच्या पेशीलाही सोबत ओढतात. जी पेशी गप्प असते ती वाचते, आणि तिला ओलांडून आजार पुढे जात नाही. म्हणून एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून पेशींमध्ये बटणासारखी एक कळ पोचवायची आणि कातडीखाली बसवलेल्या छोट्या पंपातून थेंबथेंब औषध देऊन ती कळ बंद ठेवायची. पेशी झोपून राहतात. औषध थांबवलं तर काही दिवसांत जाग्या होतात.

"होतात ना जाग्या?" आई पुढे सरकली.

"प्राण्यांमध्ये झाल्या आहेत. माणसांत अजून कुणाला जागं केलेलं नाही."

"का बरं?"

"जागं करून त्यांना सोडायचं कुठे? आजार तिथेच दबा धरून असतो. त्याच्यावर औषध निघालं की मग जागं करायचं. ते कधी निघेल, मला माहीत नाही. खोटी तारीख मी देणार नाही."

शर्वरीने विचारलं, "माझे पाय झोपवणार?"

"पायांना उशीर झाला, बाळ." डॉक्टरांनी कागदावर एक उभी रेघ काढली. "छातीच्या पेशी विरळ असतात. तिथे अडवून भागत नाही, आणि त्या झोपवल्या तर श्वास निम्मा होतो. हातांच्या पेशी इथे, मानेच्या खालच्या भागात, दाट असतात. श्वासपटलाच्या त्यांच्या लगेच वर. अडवायचं तर इथेच."

"हात?" शर्वरीने दोन्ही तळवे मांडीवर उलटे केले. "हात तर ठणठणीत आहेत माझे."

"म्हणून तर. आजार तिथे पोचल्यावर उपयोग नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "माझे वडील वनखात्यात होते. वणव्याचे दिवस आले की ते चांगल्या, उभ्या गवताची पट्टी आधीच जाळून ठेवायचे. आग तिथवर येते, पुढे जाळायला काही सापडत नाही, विझते. जाळरेषा म्हणतात तिला. लहानपणी मला फार वाईट वाटायचं त्या गवताचं."

"आणि मग काय उरेल माझं?"

"चेहरा, आवाज, श्वास. बरीच वर्षं. बहुतेकांमध्ये रेषा टिकली आहे. सगळ्यांमध्ये नाही."

कायद्याने यात एक अट घातली होती. शमनाचा निर्णय रुग्णाने स्वतःच्या आवाजात, डॉक्टरांसमोर बोलून सांगायचा. नातेवाइकाचा शब्द चालणार नव्हता आणि सहीही नाही. ज्याचे हात निजवायचे, त्याचीच सही घ्यायला कायदा करणाऱ्यांना अवघड वाटलं असावं.

शर्वरी म्हणाली, "विचार करून सांगते."

*

ती सांगत राहिली की सांगते. चैत्रात धाकटी बहीण कस्तुरीची दहावीची परीक्षा होती. नंतर येरमाळ्याची यात्रा होती. नंतर जावळाचं एक आमंत्रण होतं. डॉक्टर दर वेळी नवी तारीख देत आणि दर वेळी म्हणत, "वेळ आपल्या हातात असेपर्यंत आहे."

डाव्या पायाला पट्टी आली, मग काठी आली. मैदानावरचं तिचं नाव गेलं, पण सरांनी कर्णधारपद काढलं नाही. मंडळात एक जुनी रीत होती. खेळायला उतरण्याआधी प्रत्येकीची वेणी कर्णधाराने घालायची. सुटलेल्या केसांना हात लागला की पाठीला लागला, यावरून पूर्वी सामन्यांत भांडणं होत. तेव्हापासून ही रीत पडली, आणि कर्णधाराने घातलेली वेणी सुटत नाही असा विश्वास त्यातून आला. शर्वरी आता खुर्चीवर बसून वेण्या घालायची. मुली एकीमागून एक तिच्यासमोर मांडी घालत. तिची बोटं पेडांवरून न बघता चालत. पाय गेला होता, तरी या एका कामापुरती ती पहिल्यासारखीच होती.

घरी मात्र रोज एकच बोलणं.

"तू श्वास घेत राहा," आई म्हणायची. "बाकी सगळं मी करते."

"सगळं म्हणजे काय काय, ते एकदा मनात आण आई. घास भरवणं, तोंड पुसणं, डास बसला तर उडवणं. आणि संडासचं?"

"लहानपणी केलं नाही का मी?"

"लहानपणी मी मोठी होत होते."

आई उठून आत गेली. थोड्या वेळाने शिलाई मशीन सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला. शर्वरीचे बाबा एसटीवर चालक होते. लांबच्या फेरीवरून आले की ते लेकीच्या खाटेशी बसत, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेत आणि टीव्ही बघत. त्यांनी तिला निर्णयाबद्दल एकदाही विचारलं नाही. शर्वरीला ते विचारण्यापेक्षा जड जाई.

*

जून महिन्यात चालपटाने एकाच आठवड्यात आठ मुलींच्या नावापुढे लाल खूण केली. त्यांत मंडळातच खेळणारी कस्तुरीही होती.

धाराशिव काही एवढं मोठं गाव नाही. दुपारपर्यंत सभागृहाच्या दारात पालक जमले. कुणी म्हणालं, गादीतच काहीतरी आहे. कुणी पाण्याच्या टाकीचा नमुना न्यायला बाटली घेऊन आलं. लोमटे सर पायरीवर उभे राहून सांगत होते, "अहो, हा लागणारा आजार नाही." गर्दीतून एक बाई म्हणाली, "नाही कसा? एकीला झाला, मग आठ जणींना झाला. तिनंच वेण्या घातल्यात ना सगळ्यांच्या?"

शर्वरी आत, खुर्चीवर होती. तिला ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली घरूनच वेण्या घालून आल्या. वैदेही गुंड, जी सगळ्यात आधी येऊन पुढ्यात बसायची, ती लांबूनच "ताई, आज आईनं घातली" म्हणाली आणि बूट बांधायला वाकली. तिचे बूट आधीच बांधलेले होते.

कस्तुरी तेवढी येऊन बसली. "घाल."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण मला मागची वेणी येत नाही."

शर्वरीने तिचे केस विंचरले. तिने संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, हा आजार एकाकडून दुसऱ्याला जात नाही, आठ जणींना एकदम होणं मला समजत नाही, पण सुयांच्या चाचणीशिवाय मी काहीच म्हणू शकत नाही. आणि चाचणीला तीन आठवड्यांची रांग आहे.

"आणि कस्तुरी? आमच्या घराण्यात..."

"तुझ्या रक्तात घराण्याचा दोष सापडला नव्हता."

"सापडला नव्हता म्हणजे नाही?"

डॉक्टर परत तेवढंच म्हणाल्या, "सापडला नव्हता."

त्या रात्रीपासून शर्वरीने आपल्या हातांचा विचार सोडला. ती बहिणीचे पाय बघू लागली. कस्तुरी ओट्यापासून दारापर्यंत चालायची, तसा तिचा डावा गुडघा वर उठायचा, पाऊल सपाट पडायचं. थप्प. घरातल्या फरशीवर तोच आवाज.

*

सरावाआधी मुली अनवाणी बसून प्रार्थना म्हणत. बूट बाहेर भिंतीशी ओळीने ठेवलेले असत. त्या सकाळी शर्वरीला पोचायला उशीर झाला. आत प्रार्थना सुरू झाली होती. ती पायरीवर पायाची पट्टी सैल करायला टेकली आणि तिची नजर बुटांवर गेली. शेजारचा एक डावा बूट तिने सहज उचलून उलटा केला.

टोक शाबूत होतं.

तिने दुसरा उचलला. टोक शाबूत. तिसरा, चौथा. वैदेहीचा बूट टाचेला भरपूर झिजला होता, तळव्याला झिजला होता, पण टोकाचं रबर दुकानातून आणल्यासारखं होतं. शर्वरी काठी बाजूला ठेवून ओळीच्या कडेने बसतच पुढे सरकली.

तिचं वळण बघणाऱ्यांना तिचा गुडघा वर उठलेला दिसायचा. तो का उठतो, हे दिसायचं नाही. पावलाचा पुढचा भाग उचलला जात नव्हता, लोंबत होता, म्हणून शरीर न सांगता गुडघा वर ओढून घ्यायचं. आणि थकल्यावर, कुणी बघत नसताना, गुडघा तेवढा उठायचा नाही आणि बुटाचं टोक घासायचं. चालपटालाही ते कळलं नव्हतं. पाय टेकला की तो बोलतो. उचलताना काय होतं हे त्याला दिसत नाही, आणि टोक घासल्याची खरखर तो गोंगाट समजून वगळतो. घासणं फक्त रबराला ठाऊक होतं.

ओळीतला शेवटचा बूट कस्तुरीचा होता. तिने तो उलटा केला.

टोक झिजलेलं होतं. नखभर.

आत प्रार्थना संपली. शर्वरी तो बूट हातात धरून बसून राहिली. मुली बाहेर आल्या, तिला पायरीखाली फरशीवर बसलेली बघून थबकल्या.

"ताई, पडलीस का?" कस्तुरी धावत आली.

"हे बूट..." शर्वरीने हातातला बूट पुढे केला.

"अगं तुझेच आहेत ते. माळ्यावरून काढले." कस्तुरीने बुटाची जीभ उलटी करून दाखवली. आत आईने शाईने घातलेलं "श" होतं, धुवून धुवून निळसर झालेलं. "पुढे कापूस घालते मी. बसतात."

"कशाला गं घालतीस माझे?"

"त्यातच जमतं ते वळण," कस्तुरी म्हणाली.

शर्वरीने तिच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या मुलींकडे. "आत चला सगळ्या," ती म्हणाली. "बूट नका घालू. गादीवर उभ्या राहा. आणि टाचांवर चाला. बोटं वर."

"बदकासारखं?" वैदेहीने विचारलं.

"बदक टाचांवर चालतं होय?" कुणीतरी म्हणालं आणि कितीतरी दिवसांनी त्या सभागृहात हसू आलं.

आठही जणी चालल्या. हात पसरून, तोल सावरत, एकमेकींना धक्के देत, गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्यांच्या पायांची बोटं छताकडे. कस्तुरी तर टाचांवर पळूनच दाखवू लागली. शर्वरी दाराच्या चौकटीला धरून ते बघत होती. तिला जे करता आलं नव्हतं ते आठ जणी हसत हसत करत होत्या. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदात काहीतरी बोचतही होतं.

"हे पाऊल कुणी शिकवलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"कुणी नाही," वैदेही म्हणाली. "तुमच्या सामन्यांचे व्हिडिओ बघून. एकेक पाऊल थांबवून बघितलं. आता घरात पण तसंच पडतं."

लोमटे सरांनी शिट्टी गळ्यातून काढली, परत घातली. "मीच म्हणालो होतो यांना," ते म्हणाले. "बघा आणि तसंच करा."

डॉक्टरांनी रांग मोडून मुलींना बोलावलं, तपासलं. आठही जणी निरोगी होत्या, कस्तुरीसुद्धा. गाव एका दिवसात जसं घाबरलं होतं तसंच एका दिवसात विसरलं. वैदेही परत पुढ्यात येऊन बसू लागली. "आईची वेणी सुटते, ताई," ती मान खाली घालून म्हणाली. शर्वरीने तिची वेणी जरा जास्तच घट्ट घातली.

विसरली नाही ती एकटी शर्वरी. ज्या वळणावर टाळ्या पडल्या, ज्याला तिचं नाव मिळालं, ते तिचं नव्हतंच. ते मरत चाललेल्या चेतांचं होतं. तिचा सगळ्यात चांगला हंगाम आजाराने खेळला होता, आणि आता आठ निरोगी मुलींच्या पायांत तोच खेळत होता.

*

"हे काढायला पाहिजे यांच्या पायांतून," सर म्हणाले. "गुडघे दुखायला लागलेत पोरींचे. तुझं जुनं वळण दाखव त्यांना."

"दाखवू कसं?"

सरांची नजर काठीवर गेली. मग म्हणाले, "सांग तरी."

ती गादीवर बसून शिकवू लागली. आधी हातांनी. मुलगी वळायला आली की ती तिचा घोटा पकडायची, पाऊल बाहेरून आत फिरवायची, नडगीवर बोट दाबून म्हणायची, "इथून उचल." हातांना ते बरोबर माहीत होतं. तोंडाला शब्द सापडत नव्हते. इतकी वर्षं ती नुसती पळाली होती, पळण्याबद्दल कधी बोलली नव्हती.

श्रावणात डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं आणि छातीच्या स्नायूंतल्या सुईची नोंद बराच वेळ बघत राहिल्या. "आता महिने नाहीत," त्या म्हणाल्या. "आठवडे आहेत. त्यानंतर मला विचारू नकोस, कारण मी नाही म्हणेन."

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर शर्वरीने कस्तुरीला थांबवलं. मुली गेल्या होत्या. सर कुलूप हातात घेऊन दारात उभे होते.

"वळ," ती म्हणाली आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसली.

"असं काय बसलीस?"

"तू वळ."

थप्प.

"नाही. गुडघा विसर. नडगीवरून एक दोरी गेलीये असं समज, ती पावलाला वर ओढते. दोरी आधी, गुडघा मागून."

थप्प.

"टाचेने गादीला विचार, ठेवू का. मग करंगळीची कड ठेव. मग बाकीचं पाऊल. सगळं एकदम ओतू नकोस."

थप्प. मांडीखाली शर्वरीचे हात सुटायला धडपडत होते. एकदा घोटा धरला असता तर क्षणात झालं असतं. तिने अंगाचा भार त्यांच्यावर आणखी टाकला. बोटांना मुंग्या आल्या, मग ती बधिर झाली. "परत," ती म्हणाली. "अजून. बोटं खाली लोंबतायत, ती माझी आहेत, तुझी नव्हेत. तुझी वर घे."

किती वेळा झालं, तिने मोजलं नाही. सर दारातून आत येऊन भिंतीशी टेकले होते. मग एका वळणाला आवाजच आला नाही. कस्तुरी वळली होती, पुढे गेली होती, आणि गादी गप्प होती. शर्वरीच्याच जुन्या पावलासारखं, आजाराच्या आधीचं, कापसावर पडावं तसं पाऊल.

"झालं?" कस्तुरीने मागे वळून विचारलं.

"झालं," शर्वरी म्हणाली. तिने मांड्यांखालून हात काढले. त्यांच्यावर गादीच्या विणीच्या खुणा उमटल्या होत्या. रक्त परत आलं तसे ते दुखले, आणि हाललं तर ते दुखणं जाईल म्हणून ती हललीच नाही.

*

जिल्ह्याच्या सामन्याच्या सकाळी निर्णय ऐकायला डॉक्टरांचा व्हिडिओ फोन ठरला होता. आईने मोबाईल डब्याला टेकवून फडताळावर ठेवला. पडद्यावर डॉ. मुजावर दिसत होत्या, चष्मा पुसत. बाबा आदल्या रात्रीच फेरीवरून आले होते. दारात चहाचा कप धरून उभे होते.

"दोन मिनिटं थांबाल?" शर्वरी म्हणाली. "वेणी राहिलीये हिची."

"घाल," डॉक्टर म्हणाल्या. "मी आहे."

कस्तुरी पुढ्यात मांडी घालून बसली. शर्वरीने केसांचे तीन पेड केले. न बघता घालता येत असूनही आज ती बघत होती. कुठलं बोट कुठल्या पेडाखालून जातं, अंगठा कुठे थांबतो, ओढ कुठे पडते.

"नीट लक्ष दे," ती म्हणाली. "मधला पेड नेहमी सैल ठेवायचा. घट्टपणा बाजूच्यांनी द्यायचा. उद्यापासून वैदेहीची तुला घालायचीये."

"मला कुठे येते?"

"सांगेन ना मी."

आई ओट्याशी होती. भाजी चिरायचा आवाज थांबला. ती पदराला हात पुसत दोघींजवळ आली, खाली बसली आणि जिने सहा महिने रोज एकच मागितलं होतं तीच हळूच म्हणाली, "आज नको, शरू. आजचा सामना होऊ दे. पुढच्या आठवड्यात सांगू त्यांना."

शर्वरीने वेणीच्या टोकाला लाल रिबीन गुंडाळली, गाठ मारली, गाठ दोन बोटांनी ओढून बघितली. सुटणार नव्हती. तिने हात आईच्या गालावर ठेवला, नुसता ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. मग तो मांडीवर आणून दुसऱ्या हाताशेजारी ठेवला आणि मान वर करून फडताळाकडे पाहिलं.

"मी शर्वरी सुरवसे," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "माझे हात झोपवा."